डोंगळे फुलात असताना

मागच्या रविवारी पुतण्यानं पुण्याहून एक लिंक पाठवली. मधमाश्या मारणाऱ्या सगळ्या कीटकनाशकांवर बंदी घाला अशी मागणी, आणि खाली सही करायची जागा. सोबत त्याचा मेसेज: "काका, तुम्ही तर शेतीतले. तुमची सही पाहिजेच."

मी शेतीतला आहे हे खरं. पण देऊळगाव राजा तालुक्यात १४ वर्षांपासून माझं कृषी केंद्रही आहे. बियाणं, खत, औषध. घर एकत्र, त्यामुळं या पोराच्या हॉस्टेलची फी ज्या गल्ल्यातून गेली तो गल्ला याच औषधांचा. हे त्याला चांगलं माहीत आहे. तरी त्यानं लिंक पाठवली याचं कौतुक वाटलं, आणि जरा रागही आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता देतो आहे, ते त्याच्या एकट्यापुरतं राहणार नाही म्हणून इथं लिहितो.

आधी डोंगळे काय ते सांगावं लागेल, कारण शहरातल्या माणसाला कांदा फक्त पातीचा किंवा सुका माहीत असतो. आपण खातो तो कांदा दिवाळीच्या आगेमागे पुन्हा जमिनीत लावला की त्यातून पोकळ दांडे वर येतात, कमरेपर्यंत, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा. हे डोंगळे. त्या गोंड्यात पिकतं ते काळं बी म्हणजे पुढच्या साली कुणाच्या तरी रोपवाटिकेतला कांदा. आमचा देऊळगाव राजा-सिंदखेड राजाचा पट्टा आणि शेजारचा जालना बियाण्यावर जगतो म्हटलं तरी चालेल. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंतीची गर्दी उसळते तेव्हा दांडे निघालेले असतात, आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला रान असं पांढरं होतं की चांदण्यात बिनबॅटरीचं चालता येतं.

कांद्याच्या फुलाची एक खोड आहे. फुलातला नर आधी पिकतो. पराग सांडून जातो, आणि मग दोन-तीन दिवसांनी त्याच फुलातलं मादीचं टोक तयार होतं. म्हणजे फुलाचं स्वतःचं स्वतःला जमत नाही, दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. गोंड्यातली शेकडो फुलं पुढं-मागं उमलतात, महिनाभर हा कारभार चालतो. वाऱ्यानं थोडंफार होतं, पण बी भरतं ते माशीनं. ज्यांच्याकडं माशी नाही त्यांच्या रानात बाया सकाळी गोंड्यांवरून तळहात फिरवत जातात. रोज देऊन. काहीजण गुळाचं पाणी फवारतात, त्या वासानं तरी माशी येईल म्हणून. त्यात कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फार काही गोड लागत नाही. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुलात असली तर ती सरळ तिकडं पळते. थोडक्यात, नवसानं येणारी पाहुणी आहे ती. आणि आमच्याकडं तिच्या स्वागताला पंप तयार असतो.

कारण थ्रिप्स. फुलकिडे म्हणतात पुस्तकात, दुकानात कुणी म्हणत नाही. गोंड्यात, पानाच्या बेचक्यात बारीक पिवळट किडे भरतात, रस ओढतात, दांडा पांढुरका पडतो. जोडीला करपा, बुरशीचा रोग. शेतकरी काउंटरवर येतो आणि दोन शब्दांत विषय संपवतो: "कडक द्या." कडक म्हणजे संध्याकाळपर्यंत किडा खाली पडलेला दिसला पाहिजे.

माझे एक चुलतभाऊ आहेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो. २०२१ मध्ये त्यांनी मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या ३० पेट्या घेतल्या. गावात सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या एका एकर डोंगळ्यात दोन पेट्या ठेवल्या आणि बी झालं २ क्विंटल ८० किलो. त्याच्या आदल्या साली त्याच रानात १ क्विंटल ९० झालं होतं. पाऊसपाण्याचा फरक असेल, गोटा, म्हणजे लावलेला कांदा, चांगला असेल, मान्य. पण पुढच्या हंगामात पेटीला २ हजार रुपये भाडं देऊन लोक नंबर लावायला लागले. मीही माझ्या एकरात दोन ठेवल्या.

२०२३ चा फेब्रुवारी. माझ्या रानापासून दोनेकशे मीटरवर आबांचं रान आहे. आबा आमचे जुने गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळचे, उधारी कधी बुडवत नाहीत. त्यांचेही डोंगळेच. संध्याकाळी दुकानात आले. "थ्रिप लय झाला भाऊ, कडक काहीतरी द्या." मी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची १०० मिलीची बाटली दिली, पायरेथ्रॉइड गटातलं एक कीटकनाशक दिलं, करप्यासाठी बुरशीनाशक दिलं आणि वर एक टॉनिक. सगळं एकाच पंपात. आम्ही याला कॉकटेल म्हणतो आणि ते विकायला मला कुणी शिकवावं लागत नाही. त्या महिन्यात एक स्कीमही चालू होती, औषधाची अमुक खोकी उचलली की अमुक बक्षीस. ती माझ्या डोक्यात होती. दादांच्या पेट्या दोनशे मीटरवर आहेत, त्यातल्या दोन तर मीच भाड्यानं घेतल्यात, हे डोक्यात नव्हतं. नव्हतं म्हणजे कुठंतरी असणारच. पण ओठांवर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आबांच्या रानात फवारणी सुरू झाली. दहालाच का, तर फवारणारा रोजानं आलेला, त्याला दोनपर्यंत घरी जायचं. आणि माशी कामाला लागते तीही दहाला, थंडी ओसरली की.

दुपारी तीनला दादांचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाले.

पेट्यांपुढं जमीन दिसत नव्हती. मेलेल्या माश्या पाहिल्या असतील तुम्ही, खिडकीत एखाददुसरी. इथं ढीग होता, आणि तो हलत होता. अर्ध्या मेल्या नव्हत्या. पाय झाडत होत्या, स्वतःभोवती गरगर फिरत होत्या, जीभ बाहेर लोंबलेली. काही रानातून परत येत होत्या आणि पेटीच्या दारात उतरायच्या ऐवजी हातभर अलीकडं आदळत होत्या. दादा उकिडवे बसून एकेक उचलून बघत होते. काय बघत होते कोण जाणे. मला म्हणाले, "कुणी मारलं रे?" मी म्हणालो, बघतो. अजून एक गोष्ट कबूल करतो, त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. आठ दिवसांनी सांगितलं.

त्या शिवारात असलेल्या १४ पेट्यांपैकी ९ गेल्या. पंचनामा कुणाच्या नावानं करायचा तेच कळेना. गारपीट झाली तर पीक दाखवता येतं. माश्या तर रानात मरतात, वाटेत मरतात, पेटीत राहते ती राणी आणि थोडी पिल्लं, पाहणाऱ्याला वाटतं भरलीच आहे. आबांना कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "माझ्याच गोंड्यावर येत व्हत्या न त्या?" त्यांचं बी त्या साली १ क्विंटल ४० किलो झालं. थ्रिप्स मात्र गेला होता. औषधाचा रिझल्ट छान होता.

तोवर माझा 'देसी' झाला होता. ही दुकानदारांसाठीची वर्षभराची पदविका, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची. ४० दिवस वर्ग, ८ दिवस शिवारफेरी, दुकान सांभाळून आठवड्यातून एकदा. त्यात औषधांचे गट, मात्रा, विषबाधेवरचा प्रथमोपचार, सगळं झालं होतं. माशीचंही एक पान होतं. परीक्षेला आलं नाही म्हणून विसरलो होतो. त्या रात्री दुकान बंद करून वही काढली.

बाटलीवरचा तो रंगीत त्रिकोण आहे ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, त्यावर अख्खा महाराष्ट्र औषध पारखतो. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे सौम्य. पण तो त्रिकोण माणसासाठी आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराला किती मिलिग्रॅमनं मरण येतं त्यावरून ठरलेला. माशीशी त्याचा काही संबंध नाही. थायमेथोक्झाम नावाच्या कीटकनाशकाच्या पुडीवर निळा त्रिकोण असतो, आणि माझ्याकडं येणारा शेतकरी म्हणतो, हे निळंच आहे, काही होत नाही. उंदराला खरंच फारसं होत नाही. माशीच्या पोटात ५ नॅनोग्रॅम गेलं की खेळ संपतो.

इमिडाक्लोप्रिडचा आकडा त्याहून जरा कमी, साधारण ४ नॅनोग्रॅम. एवढं पोटात गेलं की निम्म्या माश्या मरतात. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. मी दुकानदार, आकडा दिसला की भागाकार करतोच. १०० मिलीच्या बाटलीत मूळ औषध २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५०० कोटी माश्यांचा डोस. अर्थात बाटली काही माशी पीत नाही, बहुतेक औषध पानावर, मातीत, हवेत जातं. पण दादांच्या ३० पेट्यांत मिळून माश्या सात-आठ लाख, आणि बाटली आबांनी माझ्याकडून दीडशे रुपयांच्या आत नेली होती.

या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात. नाव परकं असलं तरी ओळख जुनी आहे. आजोबा तंबाखूचा काढा करून मिरचीवर शिंपडायचे, त्यातल्या निकोटिनचीच ही कारखान्यातली भावंडं. फरक असा की तंबाखूचा काढा पानावर राहायचा आणि उन्हात मरायचा. ही औषधं झाडाच्या अंगात शिरतात. मुळाशी द्या, बियाण्याला चोळा, पानावर मारा, ती रसातून फिरतात आणि परागात, मधुरसातही उतरतात. किडा पान खाऊन मरतो, म्हणून शेतकऱ्याला हवीहवीशी. माशी फूल चाटून आजारी पडते, ते कुणाला दिसत नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून पाहिलं होतं. थायमेथोक्झामची मारक नसलेली मात्रा दिलेल्या माश्या जिवंत होत्या, उडत होत्या, पण त्यातल्या बऱ्याच घरी परतल्याच नाहीत. दादांच्या पेटीपुढं हातभर अलीकडं आदळणाऱ्या माश्या मला तेव्हा आठवल्या. त्यांची मात्रा त्याहून मोठी असणार.

आता पुतण्यासाठी युरोपचं, कारण त्याची लिंक तिकडूनच उचललेली दिसते. २००८ च्या वसंतात जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मका पेरला, बियाण्याला याच गटातलं क्लोथियानिडिन चोळलेलं होतं. लेप नीट चिकटला नव्हता, पेरणी यंत्राच्या हवेनं त्याची धूळ उडाली आणि शेजारच्या फुलांवर बसली. साडेअकरा हजारांच्या आसपास वसाहतींना फटका बसला. २०१३ मध्ये युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम या तिघांवर माशी जाते त्या पिकांपुरते निर्बंध घातले, आणि २०१८ मध्ये उघड्या रानात तिन्ही पूर्ण बंद केली. बंदिस्त हरितगृहात चालतात.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी रविवारीच सही केली असती. फ्रान्सनं २०१८ मध्ये याच गटातली पाच औषधं बंद केली. २०२० मध्ये तिथल्या शर्कराकंदावर, म्हणजे साखरेच्या बीटवर, मावा आला, माव्यानं पिवळा रोग आणला, आणि देशाचं कंदाचं उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी पडलं. शेतकऱ्यांनी ओरड केली. सरकारनं पुढची दोन वर्षं कंदापुरती सूट दिली. जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयानं अशी सूट बेकायदा ठरवली. मग २०२५ मध्ये अॅसिटामिप्रिड परत आणायचा कायदा झाला, तेव्हा एका २३ वर्षांच्या विद्यार्थिनीनं विरोधात अर्ज टाकला आणि त्यावर २० लाखांहून जास्त सह्या झाल्या. ऑगस्टमध्ये तिथल्या घटना परिषदेनं ते कलम रद्द केलं. म्हणजे सह्यांनी काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण २०२० चा कंदवाला शेतकरी मला माझ्या काउंटरपुढं उभा दिसतो. त्यानं विचारलं असेल तेच माझे गिऱ्हाईक विचारतात: "ते बंद, मग त्याच्या बदल्यात काय देता?"

आणि गंमत अशी की ज्या अॅसिटामिप्रिडवरून एवढं रान पेटलं, ते याच घराण्यातलं असून माशीला इमिडाच्या हजारो पटींनी सौम्य आहे. युरोपीय संघात त्याला २०३३ पर्यंत परवानगी आहे. आडनाव एक म्हणून सगळ्या भावांना एका फाशीवर चढवायचं का? दादांशी यावरून माझा वाद होतो. दादा म्हणतात, तू ते एकटं विकतोस का? बरोबर आहे. करप्याची काही बुरशीनाशकं, प्रोपिकोनॅझोलसारखी, सोबत मिसळली की हे सौम्य औषध माशीला कितीतरी जहाल होतं. माशीच्या अंगातली विष पचवायची यंत्रणाच ती बुरशीनाशकं अडवून धरतात. आणि कांद्यावर करपा आणि थ्रिप्स एकाच आठवड्यात येतात. प्रयोगशाळेत औषधं एकेक तपासतात, आमच्या पंपात चार असतात.

आपल्याकडं काय झालं? मे २०२०, टाळेबंदी, दुकान दिवसातून चार तास उघडं. दुकानदारांच्या ग्रुपवर केंद्राच्या मसुद्याची यादी आली, २७ औषधांवर बंदीचा प्रस्ताव. ग्रुपवर रडारड. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, क्विनॉलफॉस, मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, अर्धं दुकानच त्यात. काही औषधांच्या कारणांत मधमाश्यांचा उल्लेखही होता. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, तर इमिडाक्लोप्रिड नाही, थायमेथोक्झाम नाही, क्लोथियानिडिन नाही. युरोपनं माशीसाठी म्हणून जे तीन काढले त्यातलं एकही नाही. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो. सप्टेंबर २०२३ च्या अंतिम आदेशात २७ पैकी डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल गेली, मोनोक्रोटोफॉसला मुदत देऊन निरोप दिला, बाकीच्यांपैकी काहींची परवानगी असलेली पिकं कमी केली. दुकानात कुणाला फरक जाणवला नाही.

बंदीचा माझा आणखी एक अनुभव २०१७ चा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. नंतर सरकारनं आमच्या बुलढाण्यासह पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. तोवर कपाशीची वेचणी सुरू झालेली, फवारणारं कोण होतं? ६० दिवस मी ते खोके मागच्या खोलीत ठेवले आणि ६१ व्या दिवशी पुढं आणले.

म्हणून बंदी म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो, कधी? नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा. युरोपला माल पाठवायचा तर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं हे त्याला पाठ असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी कंटेनर अडकले तेव्हापासून तो डायरी लिहितो. कारण तिकडचं गिऱ्हाईक तपासतं. आणि द्राक्षाला माशी लागतसुद्धा नाही, त्याचं त्याला जमतं! इकडं डोंगळ्याला माशीशिवाय दाणा नीट धरत नाही, आणि फुलोऱ्यात काय मारायचं नाही याचा साधा कागद आमच्या शिवारात कुणाच्या भिंतीवर नाही. डोंगळ्याचं बी खातं कोण? कुणीच नाही. म्हणून अंशही कुणी तपासत नाही.

बरेच दिवस माझं मत असं होतं की औषध राहू द्या, वेळ पाळा. गोंडा फुटायच्या आधी थ्रिप्स आटोक्यात आणा, फुलोऱ्यात नाइलाज झाला तर सूर्य मावळल्यावर मारा, आदल्या दिवशी पेटीवाल्याला सांगा, तो रात्री दारं बंद करेल. चारचौघांत मी हेच भाषण करायचो. ऐकायला बरं वाटतं. पण संध्याकाळी मजूर कुठून आणायचा? थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, रात्रीच्या आठवड्यात शेतकरी पाणी धरणार की पंप पाठीवर घेणार? आणि पेट्यांची दारं बंद करता येतात, मारुतीच्या वडावरच्या आग्यामोहोळाला दार कुठं आहे? माझ्या लहानपणी त्या वडावर दहा-बारा पोळी लटकायची, आम्हाला खाली खेळू देत नसत. यंदा दोन आहेत. पोरं बिनधास्त खेळतात. सगळा दोष औषधाचा असं मी म्हणत नाही. बांधावरची बाभूळ-करंज गेली, तणनाशकानं बांध बोडके केले, मेलिफेराला तर वरोआचा गोचीडही लागतो. कंपन्यांची माणसं हीच यादी सांगतात आणि यादी खोटी नाही. फक्त त्यात त्यांच्या बाटलीचं नाव नेमकं विसरलेलं असतं.

पण माझं वेळेचं भाषण खरं कोसळलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. आमच्याकडं खरिपाला सोयाबीन. खोडमाशीसाठी बियाण्याला थायमेथोक्झाम चोळतात, मीच देतो. कपाशीचं बी तर पाकिटातूनच रंगीत होऊन येतं, इमिडा चोळलेलं. सोयाबीन निघालं की त्याच रानात डोंगळे. म्हणजे जूनमध्ये मातीत गेलेलं औषध फेब्रुवारीत त्या रानात असेल का? ही औषधं मातीत महिनोन्‌महिने टिकतात, पुढच्या पिकात आणि बांधावरच्या फुलांतही उतरतात. युरोपनं बियाणं चोळणंही बंद केलं ते याचसाठी. तिथं सूर्य मावळल्यावर मारा म्हणून भागत नाही. जूनचं औषध फेब्रुवारीतल्या सकाळी दहाची वाट बघत मातीत बसलेलं असतं.

तेव्हा पुतण्या, माझं म्हणणं असं. ही तीन औषधं, इमिडा, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन, उघड्या रानातून काढा. माझ्या वर्षाच्या विक्रीतला मोठा तुकडा जाईल, मला चालेल, दुसरं काहीतरी विकीन, दुकानदार उपाशी मरत नसतो. पण पहिली दोन-तीन वर्षं सोयाबीनच्या खोडमाशीचा आणि कपाशीच्या तुडतुड्याचा मार शेतकरी एकटा खाणार असेल, तर तू बंद केलेलं औषध मागच्या दारानं परत येईल, फ्रान्समध्ये आलं तसं. आणि 'सगळी कीटकनाशकं' हा शब्द तुझ्या अर्जातून काढ. तो शब्द वाचून इथला एकही माणूस पुढं वाचणार नाही. आबा तर नाहीच, आणि आबांना माशी तुझ्यापेक्षा जास्त कळते आता.

दुकानात मी दोन गोष्टी बदलल्या. जानेवारी ते मार्च डोंगळ्यासाठी औषध मागितलं की आधी विचारतो, "गोंडा फुटला का?" फुटला असेल तर इमिडा देत नाही. लोक चिडतात. चौघांपैकी एक जण समोरच्या दुकानातून घेऊन जातो, जाताना मला दिसेल अशी पिशवी हलवत. दुसरं, निळे चिकट सापळे ठेवतो. एका सापळ्यामागं मला दीड रुपया सुटतो, आणि ते कसे लावायचे हे सांगण्यात पंधरा मिनिटं जातात. धंदा म्हणून अगदीच येडपटपणा आहे. बायको म्हणते, प्रायश्चित्त स्वस्तात चाललंय तुमचं.

काल रात्री साडेनऊला दादांच्या पेट्या आल्या, यंदा १८, सासुरवाडीच्या रानातून पिकअपनं. दारांना जाळी लावलेली, आतून नुसता घों-घों आवाज. गाडीचे दिवे बंद करून मोबाइलच्या उजेडात उतरवल्या. डाव्या हाताला डास चावला म्हणून मी थाप मारली तर दादा खेकसले, हळू. आबा बांधावर येऊन उभे होते, मफलर गुंडाळून. पेट्या मोजल्या त्यांनी, त्यांच्या बांधाला किती, माझ्या बांधाला किती. मग मला बाजूला घेतलं.

"पलीकडच्या बटईवाल्यानं हरभऱ्यावर मारायला आज काहीतरी आणलंय," म्हणाले. "तुमच्या दुकानातलं नाही. घाटेअळीचं. उद्या सकाळी मारणार म्हणतो."

त्याचा नंबर कुणाकडंच नव्हता. तो पाण्यावर असेल म्हणून आम्ही दोघं विहिरीकडं चालत निघालो. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे.